डावीकडे बघणारा बगळा

बेंगळुरूची थंडी अंगाला लागायच्या आधी नाकाला लागते. डिसेंबर अर्धा सरला की येलहंक्याच्या बाजारात अवरेकाईचे ढीग पडतात. दिसायला आपल्या वालाच्या शेंगांची बहीण, पण अंगावर एक तेलकट, हिरवा वास घेऊन आलेली. त्या वासाला इथं सोगडु म्हणतात. ज्या शेंगेला सोगडु नाही ती गुरांना घालावी, अशा मताची माणसं या गावात अजून शिल्लक आहेत आणि त्यांतली मी एक. यंदा भाजीवालीनं ओंजळभर शेंगा माझ्या नाकाशी धरल्या. "नोडी अक्का, बघा, कसा सोगडु!" मी वास घेतला आणि मला एनॅमल पेंटचा वास आला.

शेंगांना पेंटचा वास येत नाही, हे मलाही कळतं. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला. रंगाचा वास मला कुणी ओळखायला शिकवायला नको. पण एका हिवाळ्यात आमच्या व्हरांड्यात हे दोन्ही वास एकाच वर्तमानपत्रावर नांदले, आणि तेव्हापासून एक आला की दुसरा मागोमाग येतोच. तो हिवाळा अण्णाच्या गिटारीचा होता. शेंगा घेतल्या, पिशवी भरली आणि घरी आले.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून आहे की पुण्याहून नोकरीला आलेली मुलं आमचं मराठी ऐकून विचारतात, "काकू, तुम्ही कन्नड का?" आम्ही सरी, म्हणजे बरं, म्हणतो आणि सोडून देतो. अण्णा मला पुट्टी म्हणायचा, म्हणजे धाकुली. माझे केस पिकले, माझ्या मुलीला नोकरी लागली, तरी मी पुट्टीच. तरुणपणी तो एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. पुढं बँड मोडला, अण्णा कारखान्यात चिकटला, लग्नाचं राहून गेलं, आणि त्याची गिटार माळ्यावर वाळवीनं खाल्ली. निवृत्त झाल्यावर त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, तेव्हा मी त्याला माझ्या घरी येलहंक्याला आणलं.

बोटं हलती ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्याला दाणे सोलायला बसवलं. अवरेकाईचे दाणे रात्री भिजत घालायचे आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत दाबायचा, म्हणजे सालातून डाळ टुणकन बाहेर येते. याची आमटी ज्यानं खाल्ली नाही त्यानं या शहरात राहून काय मिळवलं, मला कळत नाही. अण्णाच्या चिमटीतून सुटलेला दाणा मात्र पातेल्याचं सोडून कुठंही जायचा. एक तर शेजारच्या कुंडीत जाऊन रुजला. आमचे हे चष्मा लावून सोफ्याखाली दाणे शोधत आणि म्हणत, "अण्णा, तुमच्या हातून पेरणी बरी होईल." अण्णा हसायचा. त्या दिवसांत तो अजून हसायचा.

अशाच एका सकाळी तो म्हणाला, "पुट्टी, ती गिटार करूया का गं?"

कुठली, हे मला विचारावं लागलं नाही. कॉलेजात असल्यापासून अण्णाच्या खाटेच्या वर एक पोस्टर होतं. घरं बदलली, भिंती बदलल्या, पोस्टर तेच. माझ्या घरी येतानाही तो एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेलं पोस्टर घेऊन उतरला. त्यातला माणूस साता समुद्रापलीकडचा, तरुण वयात गेलेला आणि जगभर नाव झालेला. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'तो' म्हणत. त्यानं आपली गिटार स्वतःच्या हातानं रंगवली होती. संध्याकाळचं हिरवं-निळं तळं, तळ्यात एका पायावर उभा असलेला, डावीकडे बघणारा पांढरा बगळा, आणि वर लाल सूर्य. सूर्य रंगवताना रंग जास्त झाला असावा, कारण त्याचा एक ओघळ खाली येऊन थेट बगळ्याच्या चोचीला टेकला होता. लहानपणी मला तो ओघळ म्हणजे मासा वाटायचा. नंतर काही वर्षं रक्त वाटायचं.

पोस्टरात तो डाव्या हातानं तारा छेडत होता आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्या दाबत होता. बहुतेक लोकांचं याच्या उलट असतं. अण्णाला शिकवायला कोणी नव्हतं, हे पोस्टर तेवढं होतं. त्यानं एक साधी गिटार मिळवली, तिच्या तारा उलट्या क्रमानं लावल्या आणि पोस्टरासमोर बसून शिकला. जेवायचा उजव्या हातानं, लिहायचा उजव्या हातानं, गिटार तेवढी डाव्या. बाबांचा राग गाण्यावर नव्हता, त्या हातावर होता. "सरस्वतीला डावा हात लावतोस? घरात शिकलास हे?" अण्णा पोस्टराकडे बोट करायचा. "तो तसाच वाजवतो." मग बाबा चपला घालून मारुतीच्या देवळात जाऊन बसायचे आणि वाजवणं थांबेस्तोवर परतायचे नाहीत. आई मधल्या मध्ये मरायची. बाबा गेले ते अण्णाचं वाजवणं एकदाही न ऐकता गेले. अण्णाही हट्टी, त्यानं हात बदलला नाही.

तर ती गिटार. उजवा हात पुरता जायच्या आत ती एकदा मांडीवर घेऊन वाजवायची, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं ते आडपडदा न ठेवता सांगितलं आणि मी हो म्हटलं. नाही कसं म्हणता आलं असतं, हे मला अजूनही सुचलेलं नाही.

जे. पी. नगरला नागराज म्हणून एक गिटारी बनवणारा आहे. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊन आम्ही त्याला पोस्टर दाखवलं. अण्णानं वाजवायचा हात कुठला, फुगीर बाजू कुठली, सगळं बजावून सांगितलं. नागराजनं फणसाचं लाकूड सुचवलं. इकडे वीणा फणसाचीच करतात. "ही वीणेच्या घराण्यातली होईल, सर," तो म्हणाला. अण्णाला ते फार आवडलं. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "बाबांना सांगितलं असतं, वीणा आहे म्हणून."

लाकूड कापून, घासून आमच्या व्हरांड्यात आलं तेव्हा संक्रांत जवळ आली होती. सकाळी धुकं असायचं आणि थंडीत एनॅमल वाळता वाळत नसे. मी अनेक चित्रांच्या नकला केल्या आहेत आणि मुलांकडून करून घेतल्या आहेत, पण दुसऱ्याच्या चुका जशाच्या तशा करणं किती अवघड असतं हे मला तेव्हा समजलं. चांगली रेघ काढायला हात शिकलेला असतो. घाईत, हौसेनं, न शिकलेल्या हातानं मारलेली रेघ काढायची म्हणजे शिकलेलं सगळं बांधून माळ्यावर टाकावं लागतं. अण्णा शेजारी दाणे सोलत देखरेख करायचा. "बगळ्याचा गुडघा फार सुबक झाला, पुट्टी. त्यानं असा नाही काढला." मी गुडघा बिघडवायची. "तळ्याच्या काठाशी ब्रशचा केस चिकटलाय बघ रंगात. तो पाहिजे." मी माझ्या ब्रशचा केस उपटून रंगात चिकटवायची. शेंगांचं तेल हाताला असलं की रंग धरत नाही, म्हणून दर वेळी हात घासून धुवायचे, आणि तरी सोगडु काही जायचा नाही.

फक्त एक गोष्ट त्यानं मला करू दिली नाही. पोस्टरातल्या गिटारीचा रंग एका जागी झिजून लाकूड दिसत होतं. वाजवताना हात जिथं टेकतो तिथं, वर्षानुवर्षं घासून. मी पॉलिश पेपर हातात घेतला तसा अण्णा ओरडलाच. "बेडा! नको! त्याला हात लावू नकोस. ते माझं मी झिजवीन."

बगळ्याच्या पायाची बोटं पोस्टरात नीट दिसत नव्हती. माझी मुलगी मुक्ता इंदिरानगरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिला सांगितलं, इंटरनेटवर मोठे फोटो असतील तर छापून आण. तिनं आणले. मी ते पोस्टराशेजारी मांडले आणि तिच्यावरच डाफरले, कारण बगळा उजवीकडे बघत होता. "उलटे छापलेस सगळे!" मुक्ता म्हणाली, "आई, मी काही केलं नाही. सगळीकडे असाच आहे." मग तिनं फोनवर एक जुनी फिल्म लावली. धुरकट स्टेज, तो, आणि त्याची गिटार. तो उजव्या हातानं वाजवत होता.

मॅजेस्टिकच्या बाजारात फुटपाथवर मिळणारी ती पोस्टरं कुठल्या तरी छापखान्यात मासिकातल्या चित्रावरून उचललेली असत. निगेटिव्ह उलटं बसलं असणार. खाली नाव मात्र सुलटं छापलेलं, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरली नव्हती. रेकॉर्डच्या कव्हरांवर त्याचा नुसता चेहरा असे. बँडमधले मित्र जे काही शिकले ते अण्णाकडून. आणि फोनवर गाणी बघणाऱ्यांना अण्णा वेडे समजायचा. "गाणं काय बघायचं असतं?"

त्याला सांगायचं कुणी, यावर आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजत होतो, तर तो मागं येऊन उभाच. मुक्तानं फोन त्याच्या हातात दिला. हात हलत होता म्हणून तिनं खालून आधार दिला. त्यानं ती फिल्म शेवटपर्यंत पाहिली. मग पुन्हा लावायला सांगितली. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "बाबा उगाच देवळात जाऊन बसले की गं."

त्यानंतर काही दिवस त्यानं दाण्यांना हात लावला नाही. दाणे पातेल्यात भिजून फुगून पडायचे. व्हरांड्यात अर्धी रंगवलेली गिटार, आणि तिच्यासमोर अण्णा. मला त्याची भीती वाटायला लागली. म्हणजे त्याची नाही, तो ज्याच्याशी मनातल्या मनात बोलत होता त्याची. उभं तारुण्य ज्याच्या समोर बसून काढलं, ज्याच्यासाठी बापाशी वैर धरलं, तो माणूस कुठं नव्हताच. आरशात दिसणाऱ्या माणसाकडून कोणी शिकतं का? आमच्या घरी शिकलं होतं.

नागराजला फोन केला तर तो बिचारा स्वतः येलहंक्यापर्यंत आला. गिटारीकडे बघितलं, अण्णाच्या हातांकडे बघितलं. "सर, ही ठेवून द्या. मी सुलट्या बाजूची दुसरी करतो. खरं सांगू? बरंच झालं. तुमचा डावा हात स्थिर आहे, तारा दाबायचं नाजूक काम तो करील. उजव्यानं नुसतं छेडायचं, स्वल्प हलला तरी चालतंय. नव्यानं शिकायला लागेल, पण वाजेल." मला ते इतकं पटलं की मी तिथल्या तिथं हो म्हणणार होते. या चुकीतून देवानंच वाट काढली, असंही मनात येऊन गेलं.

अण्णा उठला, आत गेला आणि पोस्टर घेऊन आला. "नागराज, तो खरा जो कोण आहे, तो मला शिकवायला कधी आला नाही. मला शिकवलं ह्यानं. ह्याचीच करायची." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता या वयात मी दुसरा माणूस कशाला होऊ, पुट्टी?"

मी रडले. नागराज कॉफी पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी बगळ्याचं डोकं रंगवलं, डावीकडे बघणारं. जगात कुठंही नसलेल्या गिटारीची मी तंतोतंत नक्कल करत होते आणि मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

अवरेकाई संपता संपता गिटार पुरी झाली. नागराजनं तारा चढवल्या, एक छोटा स्पीकर जोडून दिला. अण्णानं अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घेतली. डावा हात तारांवर अलगद आला, जणू कालच उचलला होता. उजव्या हाताची बोटं गिटारीच्या गळ्यावर गेली आणि थरथरायला लागली. तार दाबली जाईना. नुसती खडखड. त्यानं गिटार खाली ठेवली, हात चोळले, पुन्हा घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्याही. मी स्वयंपाकघरातून ती खडखड ऐकत उभी राहायची आणि दुधावर लक्ष आहे असं दाखवायची. नागराजचं ऐकायला हवं होतं, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत यायचं आणि मी ते गिळायची.

मग एका सकाळी हाक आली, "पुट्टी, हात धुऊन ये."

त्यानं मला उजव्या बाजूला स्टुलावर बसवलं. "हे बोट इथं. हे या तारेवर. हे वर. आता दाब. अजून दाब, मोडत नाही." तारा बोटांत रुतल्या, डोळ्यांत पाणी आलं. त्यानं डाव्या हातानं तारा छेडल्या.

मी गाणं शिकलेली नाही. पण माझ्या बोटांखालून, फणसाच्या लाकडातून काहीतरी उठलं आणि माझ्या कोपरापर्यंत आलं. अण्णा डोळे मिटून ते विरेपर्यंत थांबला. "आयतु," तो म्हणाला. "झालं की."

मग रोज सकाळी आम्ही दोघं मिळून एक माणूस व्हायचो. त्याचा डावा हात, माझा उजवा. बोटांची एक ठेवण झाली की दुसरी, मग तिसरी. एकीवरून दुसरीवर जायला मला फार वेळ लागायचा. तेवढा वेळ अण्णाचा डावा हात हवेत थांबलेला असायचा. त्यानं कधी घाई केली नाही, कधी च्क केलं नाही. पोस्टरातल्या त्या माणसाच्या एका संथ गाण्याची सुरुवात आम्हाला जमली. पुढचं जमलं नाही. माझ्या बोटांना घट्टे पडले आणि ते लोकांना दिसावेत म्हणून मी बाजारात हात पुढं करायची.

पुढच्या अवरेकाईला अण्णा नव्हता. पडल्याचं निमित्त झालं, मग छाती भरली, मग दवाखाना, आणि संपलंच. जिथं त्याला रंग झिजवायचा होता ती जागा चकचकीत आहे, अजून. पुसताना मी तिथून फडकं हळूच फिरवते, उगाच माझ्या हातून झिजायला नको.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण माझ्या उजव्या हाताचं काय करायचं ते मला समजत नाही. घट्टे गेले, तरी बसमधला दांडा धरला की बोटं आपोआप त्या ठेवणीत बसतात. कोथिंबिरीची जुडी धरली तरी तेच. मुक्ता म्हणते, "आई, हात असा काय धरलायस?" मी हात पदराखाली घेते. अण्णाच्या खोलीत जाते तेव्हा दार आधी वाजवते, हे कुणाला सांगितलेलं नाही. भिंतीवर पोस्टर आहे, खाली खुंटीवर गिटार आहे, दोन्ही बगळे एकाच दिशेला बघतात, आणि मी त्यांच्या नजरेच्या आड उभी राहून झाडून घेते.

यंदा, शेंगा आणल्या त्यानंतर काही दिवसांनी, आमच्या येलहंक्याच्या हवाई तळावर विमानांचा सराव सुरू झाला. तो वर्षाआड असतो, विमानं घरावरून इतकी खाली जातात की खिडकीच्या काचा दातओठ खातात आणि ह्यांची पूजा अर्धी राहते. मी अण्णाच्या खोलीत होते. विमान गेलं. आवाज ओसरला. आणि त्या शांततेत, कुणी हात न लावता, गिटारीच्या तारा गुणगुणत होत्या.

मी कशी बाहेर आले मला ठाऊक नाही. मुक्ताला फोन केला तर ती हसली. "अगं, आवाजानं तारा थरथरतात. शाळेत शिकवतात हे. सुम्ने, उगाच घाबरू नकोस." खरं असेल. मी तिला सरी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग परत आत गेले. गिटार खुंटीवरून काढली आणि अण्णाच्या खुर्चीत ठेवली, तो मांडीवर घ्यायचा तशी आडवी, उशीचा आधार देऊन. स्टूल ओढलं आणि उजव्या बाजूला बसले. पहिली ठेवण बोटांनी न विचारता घेतली. मी तारा दाबल्या, दुखेपर्यंत दाबल्या, आणि थांबले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बेल वाजली आणि ह्यांनी दार उघडलं. माझा हात भरून आला, पण मी काढला नाही. माझ्यासाठी अण्णा किती वेळ थांबायचा.

विमान आलं. काचा हादरल्या, पोस्टर भिंतीवर फडफडलं, मला माझाच श्वास ऐकू येईना. ते गेलं, आणि माझ्या बोटांखालून त्या पहिल्या सकाळची ती सुरांची लहर उठली, अगदी बारीक, पण तीच, आणि कोपरापर्यंत आली. मी ती विरेपर्यंत ऐकली. मग बोटं दुसऱ्या ठेवणीवर नेली आणि पुढच्या विमानाची वाट बघत बसले.